एक गुडघा उभा

"मुडदा बशिवला तुझा! मला बस म्हनून राहिलास?"

आव्वा दारातूनच ओरडली आणि माझ्या लेकाच्या हातातली फ्लॅशची वायर खाली पडली. पुढच्या खोलीत त्यानं सगळी तयारी केली होती. मागं पांढरी चादर ताणलेली. तिच्यापुढं पाट, पाटावर घोंगडीची घडी. तांब्यात कण्हेरीची फुलं, कारण दुष्काळात कण्हेरीशिवाय दुसरं काय फुलतं? ताटलीत विभूती. एका बाजूला उजेडाची छत्री, दुसऱ्या बाजूला परात. पहिला नीटस मोठा फोटो आजीचा काढायचा म्हणून त्यानं कचेरीत रजा टाकली होती.

आव्वानं ते सगळं एकदा बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"रत्नम्मा, कवा मेले गं मी? मला कुनी सांगितलं बी न्हाई!"

आणि मागच्या दारानं निघून गेली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात. बसलेलंच नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. "अमक्यांना बसवलंय" असा निरोप आला की पुढं काही विचारायचं राहत नाही. आणि बसवलं की फोटो. जन्मभर ज्याच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही, त्याचाही त्या दिवशी फोटो निघतो. माझ्या लेकानं पाट, फुलं, विभूती मांडली ती छान दिसावं म्हणून. पण जे मांडलं ते नेमकं त्या दिवसाचं मांडलं. सत्तावीस वर्षांचा कारकून, कलेक्टर कचेरीत दिवसभर कागद लिहितो, आणि एवढं कळलं नाही. त्याला तरी काय बोलू? फुलं मीच तोडून आणली होती.

आव्वा म्हणजे माझी सासू, शरणम्मा. गल्लीत सगळे तिला आव्वाच म्हणत. आम्ही औशाचे. मालक तिथल्या बाजारात पोती उचलत. मी बावीस वर्षांची असताना पोत्यांची थप्पी त्यांच्या अंगावर कोसळली. विरूपाक्ष दीड वर्षाचा होता. सासरे आधीच गेले होते. घरात दोन विधवा आणि एक पोर. भावकीतल्या लोकांनी सल्ले लई दिले, भाकर कुणी दिली नाही. मग आव्वा म्हणाली, "चल लातूरला. डाळीच्या मिली लई हायत. डोळे हायत, हात हायत." आम्ही आलो आणि एका मिलमध्ये डाळ निवडायला लागलो. बावीस वर्षं. ती समोर, मी समोर, मध्ये तुरीच्या डाळीचा ढीग. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, आव्वा तेवढीही नाही. पण आमच्या हातचं पोतं मुकादम दुसऱ्यांदा तपासत नसे. हे मी फुशारकीनं सांगते आणि सांगणारच.

घरात मालकांचा एकच फोटो होता. बसवलेला. औशाच्या फोटोवाल्यानं समोरून भप्पकन दिवा मारून काढलेला. डोळे अर्धवट, चेहरा चुन्यासारखा, मागं भिंतीवर काळी सावली. विरू लहानपणी त्या फोटोखाली झोपायला भ्यायचा. बापाला तेवढंच बघितलेलं त्यानं, आणि त्यालाच भ्यायचा.

लातूरचा जिल्हा झाला तशी गावात साहेबांची रीघ लागली. साहेब येत, बदली होऊन जात. अशाच एका जाणाऱ्या साहेबाकडून विरूनं दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत फ्लॅश. शिसपेन्शिलीच्या जाडीचे सेल घातले की तो डासासारखा चींऽऽ करायचा आणि तांबडा दिवा लागला की तयार व्हायचा. नव्या जिल्ह्यात जो तो अर्ज करत होता आणि प्रत्येक अर्जाला फोटो लागत होता. गल्लीतली पोरं, त्यांचे बाप, सगळे आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायला लागले. विरूचा तो धंदा नव्हता, नाद होता. कागद आणि फोटो धुवायचं औषध ज्याचं त्यानं आणायचं, फोटो विरूनं काढायचा.

पहिले फोटो आव्वानं हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले.

"ह्ये तोंड हाय का भाकर?"

"आजी, फ्लॅशचा उजेड असतो. असंच येतं."

"असंच येतं म्हनं! समद्या गल्लीचं तोंड एकावानी. नाक कुनाला ठिवलं न्हाईस."

खरंच होतं ते. मालकांच्या फोटोसारखंच. जिवंत माणसं, पण बसवल्यासारखी दिसत होती.

मी म्हटलं, "विरू, त्यो दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावरून काढ."

"मग कुठं लावू?"

"डाळीतला खडा कुठं दिसतो?"

 मी सूप आणलं, मूठभर डाळ पसरली आणि बल्बखाली धरलं. "दाव खडा." त्याला दिसेना. सगळी डाळ एकसारखी पिवळी. मग सूप दाराशी नेलं, उजेडाला आडवं धरलं. प्रत्येक दाण्याला आपली आपली सावली आली आणि खडा आपण होऊन पुढं आला. "बावीस वर्षं मिलमध्ये आमी बल्बाखाली कधी बसलो न्हाई," मी म्हटलं. "दाराला कड करून बसलो. उजेड समोरून आला की आंधळा करतो. कडंनं आला की दावतो."

दुसऱ्या दिवशी तो दगडोबाकडं गेला. दगडोबा रेडिओ दुरुस्त करायचा, वाकडं बोलायचा, हात मात्र सरळ. त्यानं फ्लॅशच्या वायरीला सहा हात वायर जोडून दिली.

"काकू, तुमच्या लेकाला झटका बसला तर मला शिव्या द्यायच्या न्हाईत."

"झटका बसला तर बरंच हाय. पगार झाल्यावर घरी लवकर येईल."

झटका बसला. दोनदा. दगडोबानं सांधा पुन्हा जोडला, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि फ्लॅश कॅमेऱ्यापासून सहा हात मोकळा झाला.

पण नुसता बाजूनं मारला तर अर्धं तोंड पांढरं, अर्धं काळं. जत्रेतलं सोंग. मग मी छत्री काढली. दोन वर्षं छत्री उघडायचं काम पडलं नव्हतं, खुंटीवर वटवाघळासारखी लटकली होती. तिचं काळं कापड उसवलं आणि मांजरपाट शिवलं. फ्लॅश त्यातून मारला तर फोटो काळाकुट्ट. कापड जाड. मांजरपाट काढून जुन्या मलमलीच्या लुगड्याचा तुकडा लावला. आता जमलं, पण अजून करकरीत येत होतं. विरू छत्री लांब नेऊन बघायचा, म्हणायचा, लांबून मऊ पडेल. मी म्हटलं, "लांबून बोलावं लागलं की मानूस वरडतो. जवळ येऊन बोललं की मऊ बोलतो. आन ती जवळ." त्यानं छत्री माणसाच्या खांद्याशी आणली. उजेड सायीसारखा पसरला. दुसऱ्या बाजूला मी माझी परात उभी केली, नवी कल्हई केलेली. छत्रीचा उजेड तिच्यावर पडून काळ्या गालावर परत जायचा. स्टुडिओवाले ज्याच्यासाठी मुंबईहून सामान मागवतात, ते माझ्या घरात छत्री, लुगडं आणि परातीत झालं.

लोक बघायला यायचे. विरू प्रत्येकाला म्हणायचा, "बसा." आणि आव्वा त्या खोलीतून जाताना पदर ओढून घ्यायची. ते आमच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते त्या रजेच्या दिवशी.

त्यानंतर आठ दिवस ती पुढच्या खोलीत आली नाही. मागच्या दारानं जायची, मागच्या दारानं यायची. विरू दोनदा समजवायला गेला.

"आजी, चुकलं माझं. फुलं नाही ठेवत. नुसती बस."

"बस म्हनू नको म्हनून सांगितलं ना? माझ्या लेकाला बशिवला तवा त्या फोटूवाल्यानं तीनदा मान सरळ केली. म्या बघितलंय. मला न्हाई कुनी सरळ करायचं."

एवढं ती पंचवीस वर्षांत कधी बोलली नव्हती.

चैत्रात तिला धाप लागायला लागली. मोरीपर्यंत जाऊन आली तरी भिंतीला टेकायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय सुजलंय, जपा. जपा म्हणजे काय ते मला कळलं. पाऊस येईपर्यंत काढील का, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी पावसाचा भरवसा डॉक्टरपेक्षा कमी होता.

घरी आल्यावर मी विरूला म्हटलं, "आव्वाचा फोटो काढायचा."

"आई, नको म्हणते ना ती. राहू दे."

"तुझा बाप हसताना कसा दिसायचा? सांग."

त्यानं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"न्हाई सांगता येत. उद्या तुझी लेकरं आव्वाचं विचारतील तवा काय दावशील? तुझा चुलतकाका गुरुपादप्पा उदगीरहून येईल, भावकीचा मोठा म्हनून मधे उभा राहील, अन् म्हनेल, काढा फोटू. मग तुझ्याच कॅमेऱ्यानं तू तसलाच दुसरा काढशील. माझ्या भिंतीवर तसला एक हाय. दुसरा नको."

चोरून काढावा असं माझ्याही मनात आलं होतं. पण आव्वाला चोरी कळली असती आणि उरलेले दिवस ती माझ्याशी बोलली नसती. म्हणून मी सरळ गेले. ती मागच्या दारात उंबऱ्याला टेकली होती.

"आव्वा, डाळ निवडायची हाय."

"मग निवड."

"तुमी बी निवडायची. म्होरं मी हायेच."

तिनं माझ्याकडं तिरकं बघितलं. "अन् त्यो?"

"त्यो त्याचं काम करील. आपुन आपलं."

 अंगणात कोरड्या नळाखाली घागरींची रांग लावलेली होती, ती तिकडं बघत राहिली.

"मांडी घालनार न्हाई मी."

"तुमाला मांडी घालायला कुनी सांगितलं? मिलमध्ये कधी घातली होती का?"

मिलमध्ये आम्ही सगळ्या एक पाय दुमडून, एक गुडघा उभा ठेवून बसायचो. उभ्या गुडघ्यावर कोपर टेकतं, हात दमत नाही, आणि मुकादम आला की चटकन उठता येतं. बसवलेला माणूस मांडी घालतो. कामाच्या माणसाचा एक गुडघा उभाच असतो.

"आन सूप," आव्वा म्हणाली.

दुपारी चारचा सुमार. मागच्या खोलीत अंधारच असायचा. विरूनं छत्री खुंटीला अडकवून आव्वाच्या डाव्या खांद्याशी आणली. मी समोर, माझ्या मांडीला परात उभी. मध्ये सूप. विरू जमिनीवर गुडघे टेकून वाकला, कॅमेरा पोटाशी, वरून काचेत बघत. बस म्हणाला नाही की बघ म्हणाला नाही. 

फ्लॅश उडाला.

आव्वानं मान वर केली नाही. "वीज चमकली गं. घागरी बाहेर हायत न्हवं?"

मला हसू आवरेना. परात हलली, विरूनं नुसता हात वर करून दटावलं. आईला दटावतो!

"परात धर नीट," आव्वा म्हणाली, "न्हाईतर माझा ह्यो गाल काळा येईल." म्हणजे चार महिने पदर ओढून जाता-येता तिनं सगळं बघून ठेवलं होतं.

मग आम्ही बोलत राहिलो. मिलमधल्या सरजाबाईचं, जी निवडताना घोरायची आणि तरी खडा सोडायची नाही. मुकादमाच्या टोपीचं. फ्लॅश चींऽऽ करायचा, तांबडा दिवा लागायचा, उडायचा. बारा फोटोंची रीळ. दहा झाले तेव्हा आव्वाची बोटं सुपात थांबली. तिनं डाळीतून एक खडा उचलला, एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. चिमटीत धरून वर केला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं.

"घे. ह्यो बी काढ. डोळे शाबूत हायत अजून."

तो अकरावा. बारावा विरूला काढताच आला नाही. त्यानं कॅमेरा जमिनीवर ठेवून दिला.

फोटो तो घरीच मोरीत तांबडा बल्ब लावून धुवायचा. आव्वा नेहमी म्हणायची, प्यायला पाणी न्हाई अन् ह्यो फोटू धुवायलाय. टँकर चार दिवसांनी यायचा, म्हणून विरू फोटो अर्ध्या बादलीत खळबळून काढायचा. मला म्हणाला, "आई, औषध पुरतं निघालं नाही तर पुढं पिवळा पडतो." मी दोन घागरी त्याच्यापुढं ठेवल्या. माझ्या आंघोळीचं पाणी होतं ते. मी चार दिवस अंग पुसून काढलं. त्या दुष्काळातले गल्लीतल्यांचे फोटो आज बघा, हळद लावल्यासारखे झालेत. आव्वाचा नाही झाला. अजून काळं ते काळं, पांढरं ते पांढरं.

वाळल्यावर त्यानं तो अकरावा तिच्या हातात दिला. तिनं दारापाशी नेला आणि उजेडाला आडवा धरला. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, प्रत्येक सुरकुतीला तिची सावली, हाताच्या शिरा दोरासारख्या. चिमटीत खडा. मागं अंधार. आणि पुढं तो गुडघा, लुगड्याखाली डोंगरासारखा.

"शिरा लई दिसायल्यात," ती म्हणाली. मग खड्यावर बोट ठेवून, "बरं हाय. जित्ती दिसायले."

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती उंबऱ्याला टेकलेली होती, पण धाप थांबली होती. 

गुरुपादप्पा दुपारच्या गाडीनं आले. मालकांचे धाकटे चुलतभाऊ, पण रुबाब सासऱ्यासारखा. सगळं रीतीनं झालं. आंघोळ, विभूती, गळ्यात लिंग. बसवलं. मी स्वतः तिचा पदर सारखा केला. मान सरळ करायला मी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या हातानं केली. मग गुरुपादप्पा म्हणाले, "विरू, लाव तुझा लाइट. फोटू घे. माणसं ताटकळलीत."

विरूनं माझ्याकडं बघितलं.

"फोटो काढायचा न्हाई," मी म्हटलं.

"वैनी, रीत हाय आपली."

"बसवायची रीत हाय भावजी, ती केली. फोटूची रीत नव्हं, मजबुरी हाय. जित्तेपनी कुनी काढत न्हाई म्हनून मेल्यावर काढायचा. आमच्याकडं हाय."

बायकांचं रडणं थांबलं. सासू बसलेली असताना सून भांडतेय, ही उदगीरला वर्षभर पुरेल अशी गोष्ट होती. मी आत गेले, फोटो आणला आणि त्यांच्या हातात दिला. ते उभ्याउभ्या बघत राहिले. एकदा फोटोकडं, एकदा आव्वाकडं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काकू अशाच बसायच्या," ते म्हणाले. "औशाला दळायच्या तवाबी." आणि मग एकदम हळू, माझ्याशीच: "वैनी, आमची आई ऐंशीची झाली. इकडं आनतो. काढाल का अशी?"

"इकडं आनू नका. कॅमेरा तिकडं येईल," मी म्हटलं. "त्या काय काम करतात ते तेवढं सांगून ठेवा."

फ्लॅश त्या दिवशी पेटीतच राहिला.

आव्वाचा फोटो मी मागच्या खोलीच्या दारावर लावला. हार घालू दिला नाही. विरू म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना म्हणू दे, हार मेलेल्याला घालतात.

चार वर्षांनी गुरुपादप्पांची धाकटी सून पहिल्यांदा आमच्याकडं आली. निलंग्याकडची पोर, हसरी, बोलकी. पदर खांद्यावर टाकून मोकळी बोलत होती. बोलता बोलता तिची नजर दारावरच्या फोटोवर गेली आणि हात आपसूक डोक्याकडं गेला. पदर पुढं ओढला. आवाज बारीक झाला.

"मोठ्या आव्वा कुठं हायत? पाया पडायच्या राहिल्या की माझ्या."

मी चहाचं आधण ठेवत होते. पाठमोरीच राहिले.

"कामात हायत," मी म्हटलं. "हितूनच पड."

ती त्या दाराकडं तोंड करून वाकली. जमिनीला कपाळ टेकवलं. तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.